शून्य निकालाची प्रिंट

ग्रंथपालाकडे माणसं काहीतरी सापडावं म्हणून येतात, असा लोकांचा समज आहे. मी नोकरीची सगळी वर्षं अंधेरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. माझा अनुभव असा, की निम्मी माणसं काहीही सापडू नये म्हणून येतात. ही निम्मी माणसं पीएचडी करत असतात.

हे बाहेर कुणाला सांगितलं की त्यांना वाटतं, सावंतबाई रिटायर झाल्यापासून जरा जास्तच बोलायला लागल्यात. म्हणून नीट सांगते. पीएचडीच्या आराखड्यात एक वाक्य असावं लागतं : 'प्रस्तुत विषयावर आजपर्यंत संशोधन झालेले नाही.' ते नसेल तर गाईड सही करत नाही. पूर्वी ते नुसतं लिहिलं की भागायचं, कारण तपासणार कोण? मग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक डेटाबेस आले, आणि कुणा एका गाईडच्या डोक्यातून कल्पना निघाली की विद्यार्थ्याने आपला विषय डेटाबेसमध्ये शोधावा, काही सापडलं नाही की त्या पानाची प्रिंट काढावी, तिच्यावर ग्रंथालयाचा शिक्का घ्यावा आणि ती आराखड्याला जोडावी. विद्यापीठाच्या कुठल्याही नियमात हे नाही. पण एकाने केलं की दुसऱ्याला वाटतं आपलं राहून गेलं. बघता बघता पद्धतच पडली. आम्ही तिला शून्याची प्रिंट म्हणायचो.

डेटाबेस म्हणजे काय तेही सांगायला हवं. माझ्या सख्ख्या जावेला अजून वाटतं की मी कॉलेजात गुगल चालवत होते. गुगलवर विचारणं म्हणजे स्टेशनबाहेर उभं राहून पत्ता विचारणं. दहाजण सांगतात, त्यातल्या दोघांना माहीत असतो. डेटाबेस म्हणजे जुन्या वाण्याचं दुकान. माल निवडलेला, डबे ओळीने लावलेले, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. जगभरातले लेख आणि प्रबंध कुणीतरी चाळून ठरवलेलं असतं की कुठला कुठल्या विषयात जाईल. मात्र मागताना चिठ्ठीवरच्या नावानेच मागावं लागतं. आपल्या घरी त्या वस्तूला काय म्हणतात, त्याच्याशी वाण्याला काही देणंघेणं नाही. कॉलेज वर्गणी भरतं तोवर दुकान उघडं. वर्गणी थांबली की दुसऱ्या दिवशी शटर खाली, आणि आपल्या कपाटात त्यातलं काहीही राहत नाही.

हे सगळं मी दरवर्षी नव्या प्राध्यापकांना उभं राहून समजावत असे. एकदा जिमखान्याच्या सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, झकास, तेवढा पासवर्ड लॅमिनेट करून द्या. मी दिला. त्यांनी तो कॅरमबोर्डाच्या वरच्या भिंतीवर ठोकला. त्या वर्षी कॉलेजात डेटाबेस सगळ्यात जास्त कॅरम खेळणाऱ्या पोरांनी वापरला. मी काही तक्रार केली नाही.

मूल्यांकन समिती यायची असली की वेगळी तऱ्हा. आपण वर्गणी भरतो तर वापर दिसला पाहिजे, म्हणून प्राचार्यांनी एकदा वर्गावर्गातून मुलांना संगणकाच्या खोलीत पाठवलं. आत जा, काहीही उघडा, बाहेर या. मुलांनी यादीतलं पहिलं होतं ते उघडलं. तो लेख मेंढ्यांच्या यकृतातल्या जंतांवर होता. महिन्याचा अहवाल निघाला तेव्हा आमच्या कॉलेजातला सर्वाधिक वाचलेला लेख तोच. समितीचे अध्यक्ष अहवाल बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी विचारलं की आपल्याकडे पशुवैद्यक शाखा आहे का. आमच्याकडे आर्ट्‌स आणि कॉमर्स. मी म्हटलं, सर, आम्ही आंतरविद्याशाखीय दृष्टिकोनावर भर देतो. त्यांनी तसं लिहून घेतलं.

असो. शून्याच्या प्रिंटकडे येते. शून्य मिळवायची रीत सोपी आहे. आपल्या प्रबंधाचं अख्खं शीर्षक, गावाच्या नावासकट, अवतरणचिन्हांत टाकायचं आणि बटण दाबायचं. अवतरणचिन्हांत टाकलं की यंत्र तेच वाक्य जसंच्या तसं शोधत बसतं. एवढं लांबलचक वाक्य पृथ्वीवर दुसऱ्या कुणी लिहिलेलं नसतं, म्हणून उत्तर शून्य. यात लबाडी फार कमीजणांची. बाकीच्यांना खरंच वाटायचं की आपण शोधलं.

माझा नियम होता, शिक्का मारण्याआधी मी स्वतः एकदा शोधणार. आणि मला सापडायचं. कधी केरळातला प्रबंध, कधी कुठल्या परिषदेतला निबंध. खोटं कशाला बोलू, सापडलं की मला बरं वाटायचं. समोरचा पांढरा पडलेला असायचा आणि मी आतून खूश. हळूहळू स्टाफरूममध्ये बोभाटा झाला, सावंतबाईंकडे जाऊ नका, त्या शोधतात. माझ्या रजेच्या दिवशी सहायकाकडे शिक्क्यासाठी झुंबड उडायला लागली, तेव्हा मी शिक्का कपाटात कुलपात ठेवायला सुरुवात केली.

मनीषा वैती मात्र माझी रजा बघून आली नाही, सरळ माझ्याकडे आली. ती आमचीच जुनी विद्यार्थिनी. खारदांड्याची कोळी मुलगी, आई सुकी मासळी विकायची. मनीषा समाजशास्त्र शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच तुमचे, कॉलेजला सुट्टी लागली की नोकरीलाही सुट्टी. सकाळी बोरिवलीच्या कॉलेजात, दुपारी आमच्याकडे. असं करता करता तिशी उलटली होती. त्या वर्षी आमच्याकडे समाजशास्त्राची कायम जागा निघाली, कितीतरी वर्षांनी. अट अशी की मुलाखतीच्या आधी पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात जमा झालेला हवा.

प्रबंध लिहून तयार होता. विषय होता खारदांड्यातल्या सुकी मासळी करणाऱ्या बायका : त्यांचं काम, त्यांचा बाजार, त्यांचा घरातला शब्द. तिचे गाईड केळकर सर फार सावध माणूस. आराखड्याच्या वेळची शून्याची प्रिंट जुनी झाली, जमा करण्याआधी ताजी घे, म्हणाले. ती प्रिंट घेऊनच मनीषा आली होती. शीर्षक संपूर्ण, अवतरणचिन्हांत. मी म्हटलं, बस, दोन मिनिटांचं काम आहे.

मी अवतरणचिन्हं काढली, गावाचं नाव काढलं. सुकी मासळी हा शब्दही काढला, कारण वाण्याकडे त्या डब्यावर चिठ्ठी असते 'मासेमारी-पश्चात प्रक्रिया'. खारदांड्यातल्या कुठल्याही बाईने हा शब्द जन्मात उच्चारलेला नाही. त्याला 'स्त्रिया' जोडलं, 'मुंबई' जोडलं, आणि देशभरातल्या प्रबंधांच्या साठ्यात शोध घेतला. जुने प्रबंध स्कॅन करून तिथे चढवण्याचं काम सावकाश चालू असतं. मनीषाने आराखडा केला तेव्हा तो प्रबंध बहुधा तिथे नव्हताच, तेव्हा तिचीही चूक म्हणता येत नाही. आता मात्र होता, वरून तिसरा.

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात जमा झालेला, वीसेक वर्षांपूर्वीचा. लेखिका सुनंदा गायकवाड. गाव खारदांडा. बायका त्याच, बांबूंवर टांगलेले बोंबील तेच. प्रकरणांची नावंसुद्धा चुलत बहिणींसारखी.

या वेळी मला काही बरं वाटलं नाही.

"बंद करा ना मॅडम," मनीषा म्हणाली.

मी म्हटलं, बंद केल्याने ते तिथून जात नाही. आज मला दिसलं, उद्या परीक्षकाला दिसेल, आणि तेव्हा तुझं ते 'आजपर्यंत संशोधन झालेले नाही' तुझ्याच गळ्यात येईल. ती म्हणाली, "तुम्हाला काय मॅडम, तुमची नोकरी झाली करून." आणि प्रिंट उचलून गेली.

दुपारी केळकर सरांचा फोन आला. आवाज अगदी मऊ. सापडलंच नाही असं समजा, म्हणाले, कोण बघतंय त्या प्रबंधाकडे? मी म्हटलं, सर, आयुष्यभर लोकांनी मला हे शोधा, ते शोधा सांगितलं, सापडलेलं हरवा असं अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते मला जमणारही नाही. मग आवाजातला मऊपणा गेला. माझ्या विद्यार्थिनीची वाट लावलीत तुम्ही, म्हणाले, आणि फोन ठेवला. शिक्का तर दुसऱ्या कुठल्याही ग्रंथालयात मिळतो, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि मनीषालाही.

त्या दिवशी माझा डबा तसाच घरी गेला. मी बरोबर होते आणि मला वाईट वाटत होतं, दोन्ही एकदम. आधीच्या पांढऱ्या पडलेल्या माणसांची मला कधी एवढी फिकीर वाटली नव्हती. पण या मुलीला मी पहिल्या वर्षापासून पाहिलेलं. वर्गातली मुलं वासावरून चिडवायची म्हणून ती कायम माझ्या टेबलासमोर येऊन अभ्यासाला बसायची. तिचं कल्याण करायला बसलेली बाई मी, आणि तिच्या तोंडचा घास मीच काढला.

मधे बरेच दिवस ती ग्रंथालयात फिरकली नाही. कॉरिडॉरमध्ये समोर आली तर मोबाइलमध्ये बघायची. मी समजले की शिक्का मिळाला कुठेतरी. नाही म्हटलं तरी एक मन म्हणत होतं, बरं झालं गं, मिळाला तर मिळू दे.

मग एका दुपारी आली आणि समोर बसली. प्रिंट तशीच होती, बिनशिक्क्याची. म्हणाली, "मी तो प्रबंध वाचला, मॅडम. वाईट निघेल असं वाटलं होतं. वाईट निघाला असता तर काहीतरी करता आलं असतं. चांगला आहे." हे सांगताना तिचे डोळे भरून आले. मी पाण्याची बाटली पुढे केली.

पुढचं तिने सांगितलं ते असं. ती घरी लॅपटॉपवर प्रबंध वाचत बसली होती. त्यात वाळवणाच्या जागेचा एक जुना फोटो होता. आई मागून जाता जाता थांबली आणि म्हणाली, हा सुनंदानं काढलेला. कोण सुनंदा, मनीषाने विचारलं. आई म्हणाली, गायकवाडांची सुनंदा गो, दोन वर्षं येत होती आपल्याकडे, वही घेऊन बसायची वाळवणाशी. तू शाळेत होतीस. अजून येते ना मे महिन्यात बाजारात, माझ्याकडचे बोंबील न्यायला.

मनीषाने कपाळाला हात लावला. पाच वर्षं आईच्याच धंद्यावर प्रबंध लिहिते आहे, आईच्याच मुलाखती घेते आहे, आणि या बाईने एका शब्दाने सांगितलं नाही की हे काम आधी कुणी केलंय. जाब विचारल्यावर आईला काही उलगडाच होईना. तिला वाटत होतं मनीषाला ठाऊकच आहे. हे पाळीपाळीने करायचं असतं, एकीचं झालं की दुसरी पुढचं करते, अशीच तिची समजूत होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आम्ही मराठवाड्यातल्या विद्यापीठापर्यंत जाऊन आलो, आणि लेखिकेचा नंबर मनीषाच्या आईच्या मोबाइलमध्ये. राहायला दिंडोशीला.

मी म्हटलं, चल. मनीषा नको म्हणाली. काय तोंडाने जाऊ, त्यांना वाटेल मी चोरलं. मी म्हटलं, चोरणारी माणसं भेटायला जात नाहीत. रिक्षात तिने दोनदा परत फिरू या म्हणून सांगितलं.

सुनंदा गायकवाडांचं ऑफिस दिंडोशीच्या कोर्टाजवळ, एका गाळ्यात. प्रतिज्ञापत्रं, साक्षी, जमिनीचे जुने कागद यांचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करून देतात. हाताखाली दोन मुली, बाहेर बाकावर पक्षकार बसलेले. बाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलणं तुटक. कुठली केस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, केस नाही, तुमच्या प्रबंधाबद्दल आलो आहोत. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"कुठपर्यंत वाचलात?" त्यांनी मनीषाला विचारलं.

"पूर्ण."

"चौथं प्रकरणपण?"

"दोनदा," मनीषा म्हणाली.

बाईंनी बाहेरच्या पक्षकारांना थांबायची खूण केली. मग म्हणाल्या, "ते माझ्या गाईडनेही वाचलं नव्हतं."

मग त्यांनी चहा मागवला आणि हळूहळू सांगितलं. वडील जालन्याकडून मुंबईत आलेले. मुंबईत गाईडकडे जागा नव्हती म्हणून नोंदणी तिकडे केली. डिग्री मिळाली, नोकरी मिळाली नाही. त्यांनीही तासिका तत्त्वावर बरीच वर्षं काढली, मग एक दिवस सोडून दिलं आणि हा गाळा घेतला. आता बरं चाललंय, म्हणाल्या, वाईट वाटत नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, वाटतं कधीकधी. एवढी दोन वर्षं त्या बायकांत बसून जे लिहिलं, ते कुणीच उघडून बघितलं नाही, याचं वाटतं.

मनीषाने शेवटी धीर करून आपली अडचण सांगितली. माझंही तेच आहे मॅडम, आता मी काय करू. तिला बहुतेक वाटत होतं की बाई चिडतील, निदान सुनावतील. त्यांनी साक्षीदाराला विचारावं तसे प्रश्न विचारले. वाळवणाची जागा केवढी उरली? मनीषा म्हणाली, अर्ध्याहून जास्त गेली, तिथे आता गाड्या उभ्या असतात. बोंबील कुठे सुकवता? गच्चीवर, मिळेल तिथे. बायका एकत्र बसतात का? नाही, जिची तिची गच्ची. घाऊक व्यापाऱ्याशी भाव कोण ठरवतं? आता एकेकटी ठरवते, म्हणून कमी मिळतो. पूर्वी वाळवणाशी बसूनच सगळ्याजणी ठरवायच्या.

"हे मी कुठे लिहिलंय?" सुनंदाबाई म्हणाल्या. "मी लिहिलं तेव्हा जागा होती. ती गेल्यावर काय झालं, ते तू लिही. माझं घे आधाराला. त्याशिवाय काय गेलं ते तुला दाखवता येणार नाही."

सांगायला सोपं. प्रत्यक्षात मनीषाला अर्धा प्रबंध मोडून पुन्हा बांधावा लागला. वर्ष त्यात गेलं. सुनंदाबाईंनी माळ्यावरच्या जुन्या मुलाखतींच्या कॅसेट काढून दिल्या, त्या दोघींनी रविवारी बसून ऐकल्या. केळकर सर महिनाभर फुगून होते, मग तुलनात्मक अभ्यासाची कल्पना आपलीच होती असं सगळ्यांना सांगायला लागले. आम्ही कुणी हरकत घेतली नाही.

कायम जागा मात्र गेली. मुलाखती ठरल्या दिवशी झाल्या, मनीषाचा प्रबंध जमा नव्हता म्हणून तिला बोलावणंच आलं नाही. ज्यांना जागा मिळाली त्यांच्या प्रबंधाला शून्याची प्रिंट होती, शिक्का दुसऱ्या ग्रंथालयाचा. मी त्यांचा विषय शोधला नाही. हात शिवशिवत होते, पण नाही शोधला. आमच्याकडे ती जागा पुन्हा काही निघालेली नाही, आणि मनीषा अजून सकाळी बोरिवली, दुपारी अंधेरी करते. या गोष्टीचा मला आजही त्रास होतो. मी शिक्का मारला असता तर ती आज कायम असती, हे कुणी मला सांगायची गरज नाही. पुन्हा तशीच वेळ आली तरी मी शोधेनच, हेही मला माहीत आहे.

तिची तोंडी परीक्षा झाली तोवर मी रिटायर झाले होते. ही परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, पण सहसा कुणी जात नाही. उमेदवार, गाईड, बाहेरचे परीक्षक, आणि समोशांसाठी थांबलेले दोघंतिघं. मनीषाच्या परीक्षेला विद्यापीठाच्या त्या खोलीत खारदांड्याच्या सातआठ बायका नेसून-सवरून, फुलं माळून बसल्या होत्या. मी आणि सुनंदाबाई त्यांच्यामागे, शेवटच्या ओळीत. सुनंदाबाई कोर्टातून परस्पर आलेल्या, मांडीवर फायलींची पिशवी. मी फार वेळ थांबणार नाही, असं त्यांनी मला आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

परीक्षक दिल्लीकडच्या विद्यापीठातले, पण मूळचे नागपूरचे, मराठी बोलणारे. चेहऱ्यावरची रेषा न हलवता प्रश्न विचारत होते. मनीषा आधी अडखळली, मग लागली बोलायला. वाळवणाची जागा गेल्यावर बायकांचा भाव कसा पडला, ते तिने जुने आणि नवे जबाब शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. परीक्षकांनी प्रबंधाची पानं मागे-पुढे केली आणि विचारलं, या विषयावर आधी काही संशोधन झालेलं आहे का?

पुढे बसलेले केळकर सर खुर्चीत किंचित हलले. इतक्या वर्षांत या प्रश्नाचं मी एकच उत्तर ऐकलेलं.

"झालंय, सर," मनीषा म्हणाली. "डॉक्टर सुनंदा गायकवाड यांनी केलंय. त्या मागे बसल्यात."

सगळे वळले. परीक्षकांनी चष्मा काढून मागे बघितलं. "अहो मॅडम," ते म्हणाले, "मग तुम्ही मागे का? पुढे या. मला तुम्हालाही विचारायचंय."

सुनंदाबाई उठेनात. पिशवी पोटाशी धरून नुसत्या मान हलवत राहिल्या. शेवटी आमच्या पुढच्याच ओळीत बसलेली मनीषाची आई मागे वळली आणि तिने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"जा गो सुनंदा," ती म्हणाली. "तुलाच बोलवतान ते."